पुनःसंयोजित मानवी कार्बोनिक अनहायड्रेज-२ : प्रत्येक संयुगाचे आयसी-५० एकाच ठिकाणी का अडकते?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे. आमच्या प्रयोगशाळेत सल्फोनामाइड गट असलेली संयुगे तयार होतात. ती आजवर बाहेर तपासायला पाठवली जात. यंदा मात्र मार्गदर्शकांनी ठरवले की विकराचे प्रयोग आपल्याकडेच करायचे, आणि ते काम माझ्याकडे आले. विकरशास्त्राचे माझे ज्ञान एम.एस्सी.च्या एका पेपरापुरते आहे, हे आधीच सांगते.

शुद्ध केलेल्या पुनःसंयोजित मानवी कार्बोनिक अनहायड्रेज-२ या विकराची (एन्झाइमची) १ मिलिग्रॅमची कुपी आम्ही मागवली. ते ई. कोलाय जिवाणूत तयार केलेले असून त्याला सहा हिस्टिडिनची शेपटी आहे. सोबतच्या कागदावर शुद्धता जेलनुसार ९५ टक्क्यांहून अधिक आणि संहती ब्रॅडफर्ड पद्धतीने (रंगावरून प्रथिन मोजण्याच्या) १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अशी दिली आहे. बफरमध्ये ट्रिस, मीठ आणि ग्लिसरॉल आहे. वाहक प्रथिन घातलेले नाही असे स्पष्ट लिहिले आहे.

पद्धत अशी आहे. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलमध्ये एकूण २०० मायक्रोलिटर, ७.६ पीएचचे ट्रिस बफर, १ मायक्रोमोलर विकर, त्यात डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवलेले संयुग (डीएमएसओ सर्वत्र १ टक्का) घालून १५ मिनिटे ठेवते, मग ०.२ मिलिमोलर पॅरा-नायट्रोफिनाइल अ‍ॅसिटेट घालते आणि हे एस्टर तुटून येणाऱ्या पिवळ्या रंगाचे शोषण बरोबर १५ मिनिटांनी ४०५ नॅनोमीटरवर मोजते. विकराशिवायच्या वेलचे शोषण वजा करते.

तुलनेसाठी घेतलेल्या अ‍ॅसिटाझोलामाइडचे आयसी-५०, म्हणजे विकराची निम्मी क्रिया थांबवणारी संहती, मला सुमारे ५७० नॅनोमोलर मिळाली. साहित्यात या जोडीसाठी रोधनाचा स्थिरांक (जितका लहान तितका रोधक घट्ट बसतो) १२ नॅनोमोलरच्या आसपास दिलेला आढळतो. म्हणजे जवळजवळ पन्नासपटीचा फरक. त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट ही की आमच्या १४ संयुगांपैकी ११ संयुगांची आयसी-५० मूल्ये ५६० ते ६२० नॅनोमोलर एवढ्या अरुंद पट्ट्यात आली आहेत, मग बेंझिन वलयावर फ्लोरिन असो वा मेथॉक्सी. उरलेली तीन मायक्रोमोलरमध्ये आहेत. शिवाय अ‍ॅसिटाझोलामाइड ५० मायक्रोमोलरपर्यंत वाढवले तरी साधारण १० टक्के क्रिया शिल्लक राहतेच.

मार्गदर्शकांचे म्हणणे असे की विकर खराब निघाले, दुसरी कुपी मागवा. काँटिन्जन्सीचे पैसे आता फार उरलेले नाहीत, म्हणून मागवण्यापूर्वी विचारते आहे: ही आकडेवारी खराब विकराची आहे, की चूक माझ्या मांडणीत आहे?

---

बर्फाचा_डबा

कुपी आल्यावर तुम्ही ती लहान लहान भागांत विभागून गोठवलीत, की दर वेळी तीच कुपी काढून वितळवता आहात? आमच्याकडे किनेज नावाच्या एका विकराची अशीच वाताहत झाली होती. चौथ्या-पाचव्या वितळवणीनंतर क्रिया निम्म्यावर आली आणि सगळे दोन महिने रसायनांना दोष देत बसले. ग्लिसरॉल किती टक्के आहे तेही पाहा. ५० टक्के असेल तर उणे २० अंशांना ते द्रवच राहते आणि गोठण्या-वितळण्याचा प्रश्न उरत नाही, १० टक्के असेल तर उणे ८० अंश आणि लहान भाग हाच मार्ग आहे. माझा पहिला संशय साठवणुकीवर आहे.

---

जुना_कॉलम

वरील सल्ला साठवणुकीपुरता योग्य आहे, परंतु येथील निदान वेगळे आहे असे मला वाटते. कार्बोनिक अनहायड्रेज-२ हे चांगलेच काटक प्रथिन आहे, आणि विकराचा काही भाग मेला असता तर संयुगांचे आयसी-५० वाढले नसते, उलट कमी झाले असते. हे विधान उलटे वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयसी-५० म्हणजे ज्या संहतीला निम्मी क्रिया थांबते ती संहती, एवढेच आपण शिकतो, आणि त्यामागे एक गृहीतक लपलेले असते की रोधकाचे रेणू विकराच्या रेणूंपेक्षा कितीतरी अधिक आहेत, त्यामुळे विकराला चिकटून गेलेले रेणू हिशेबात धरले नाहीत तरी चालतात. तुमच्या वेलमध्ये हे गृहीतक मोडलेले आहे. तेथे १ मायक्रोमोलर, म्हणजे १००० नॅनोमोलर विकर आहे. त्यातला निम्मा अडवायचा तर रोधकाचे किमान ५०० नॅनोमोलर रेणू लागणारच, कारण एक रेणू एकाच क्रियास्थळावर बसतो. रोधक कितीही जबरदस्त असो, त्याचे आयसी-५० या मांडणीत विकराच्या निम्म्या संहतीखाली जाऊच शकत नाही. ज्यांचा स्थिरांक ५ नॅनोमोलर आहे आणि ज्यांचा ३० आहे ती दोन्ही संयुगे तुम्हाला एकाच ठिकाणी दिसतील. अकरा संयुगे एका पट्ट्यात अडकली त्याचे कारण हेच आहे. ती बहुधा सगळीच चांगली आहेत, आणि तुमची फूटपट्टी त्यांना वेगळे करण्याइतकी बारीक नाही.

घट्ट बसणाऱ्या रोधकासाठी नाते साधे आहे: मोजलेले आयसी-५० म्हणजे खरा स्थिरांक अधिक क्रियाशील विकराची निम्मी संहती. (सबस्ट्रेटची, म्हणजे विकर ज्यावर काम करते त्या एस्टरची, रोधकाशी स्पर्धा असल्यास स्थिरांकाला एक गुणक लागतो, पण या एस्टरसाठी केएम, म्हणजे निम्म्या कमाल वेगाला लागणारी सबस्ट्रेटची संहती, इतकी मोठी आहे की तुमच्या संहतीला तो गुणक एकच धरावा.)

आता तुम्ही विचाराल की मग ५०० च्या जवळ यायला हवे होते, ५७० का आले? याला तुमचे १५ मिनिटांनी घेतलेले एकच मोजमाप जबाबदार आहे. या विकराची मूळ क्रिया कार्बन डायऑक्साइडला पाणी जोडण्याची आहे आणि ती तो सेकंदाला दहा लाख रेणू इतक्या वेगाने करतो. एस्टर तोडणे हा त्याचा जोडधंदा आहे आणि त्यात तो फार मंद आहे. तरीसुद्धा त्याची कार्यक्षमता दर मोलर दर सेकंद सुमारे २५०० इतकी भरते. १ मायक्रोमोलर विकर घेतल्यास दर सेकंदाला शिल्लक सबस्ट्रेटचा ०.२५ टक्का भाग तुटतो, म्हणजे पाच मिनिटांच्या आतच निम्मा सबस्ट्रेट संपतो आणि १५ मिनिटांत जवळपास नव्वद टक्के. रोधक नसलेल्या वेलमधली क्रिया अशी धापा टाकत थांबलेली असताना अर्धवट रोधलेली वेल मागून येऊन तिला गाठते, आणि रोधन प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी दिसते. म्हणून आयसी-५० आणखी वर सरकते.

नवी कुपी मागवण्यापूर्वी दोन प्रयोग करा.

पहिल्यात विकर १ मायक्रोमोलरच ठेवा. अ‍ॅसिटाझोलामाइड शून्यापासून दीड मायक्रोमोलरपर्यंत ०.१ च्या पायऱ्यांनी द्या आणि या वेळी शेवटचे शोषण घेण्याऐवजी पहिल्या मिनिटातला वेग घ्या. वेग आणि रोधकाची संहती यांचा आलेख काढल्यास एक सरळ रेषा खाली उतरत जाईल आणि शेवटाला किंचित वळून सपाट होईल. सरळ भाग पुढे वाढवून तो आडव्या अक्षाला जेथे भेटतो तेथे तुमच्या क्रियाशील विकराची संहती वाचा. हे आम्लाला अल्कलीने टायट्रेट करण्यासारखेच आहे. ब्युरेटच्या जागी अ‍ॅसिटाझोलामाइड एवढाच फरक. कुपीवर छापलेली संहती ही प्रथिनाची असते. त्या प्रथिनातले किती रेणू खरोखर काम करतात हे जेलवरची ९५ टक्के शुद्धता सांगू शकत नाही, कारण वेडावाकडा दुमडलेला किंवा जस्त नसलेला रेणूही जेलवर त्याच २९ किलोडाल्टनच्या पट्टीत धावतो. तुमचा फसलेला प्रयोग नीट केला तर तोच या विकराची खरी मोजणी करून देतो, आणि ती मोजणी पुढच्या प्रत्येक आकड्याला लागते.

दुसऱ्या प्रयोगात विकर वीसपट कमी करून ५० नॅनोमोलरवर आणा, सबस्ट्रेट १ मिलिमोलर करा आणि दर अर्ध्या मिनिटाला असे दहा मिनिटे शोषण मोजून रेषेचा उतार घ्या. आपोआप होणारे जलविघटन या पीएचला असतेच, त्यामुळे विकराशिवायचा उतार प्रत्येक प्लेटवर मोजून वजा करावा. अ‍ॅसिटाझोलामाइडचे आयसी-५० तीस-चाळीस नॅनोमोलरच्या आसपास उतरले पाहिजे.

पैशांचा हिशेबही पाहा. १ मायक्रोमोलरला एका वेलमध्ये ५.८ मायक्रोग्रॅम विकर जाते, म्हणजे १ मिलिग्रॅमची कुपी १७० वेलमध्ये संपते. ५० नॅनोमोलरला तीच कुपी ३४०० वेल पुरते. आम्ही विद्यार्थी असताना हे विकर रक्तातून काढत होतो, तेव्हा रक्तपेढीच्या मुदत संपलेल्या पिशव्या फुकट मिळत आणि कोणी मायक्रोग्रॅम मोजत नसे. आता मोजावे लागतात.

---

सह्यवेडा

मी जीवशास्त्राचा माणूस नाही, पण अ‍ॅसिटाझोलामाइड हे नाव वाचून थांबलो. लेह-लडाखला जाताना आमच्या गटातल्या डॉक्टरांनी डायमॉक्सच्या गोळ्या दिल्या होत्या, तेच का हे? आणि पुनःसंयोजित मानवी विकर म्हणजे माणसाच्या शरीरातून काढलेले नाही असा अर्थ घ्यायचा का? विषयांतर होत असल्यास क्षमस्व.

---

घटपर्णी

हो, तेच. डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. मूत्रपिंडातले कार्बोनिक अनहायड्रेज रोखल्याने बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर पडते, रक्त किंचित आम्लधर्मी होते आणि त्यामुळे श्वसन वाढते. उंचीवर विरळ हवेत त्याचा उपयोग होतो. काचबिंदूत डोळ्यातला दाब कमी करण्यासाठीही हे औषध देतात, आणि डोर्झोलामाइडसारखे थेंब याच विकराला लक्ष्य करतात.

"मानवी" हा शब्द येथे अमिनो आम्लांच्या क्रमाला उद्देशून आहे. माणसाच्या जनुकाची प्रत प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या लहान वर्तुळात बसवून ती ई. कोलायला देतात, जिवाणू वाढवून त्यांना तेच प्रथिन बनवायला लावतात, आणि मग जिवाणू फोडून ते वेगळे करतात. वाढीच्या माध्यमात जस्ताचा क्षार घालावा लागतो, कारण या विकराच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो, ९४, ९६ आणि ११९ या क्रमांकांच्या तीन हिस्टिडिनांनी धरलेला. तो नसेल तर विकर निष्क्रिय. या विकरात जस्त असते हे १९४० च्या सुमारास केंब्रिजमध्ये केलिन आणि मान यांनी दाखवले, आणि विकरात जस्त आवश्यक असते हे प्रथम या विकरातच दिसले. सल्फानिलामाइड या विकराला रोखते हेही त्याच दोघांनी त्याच काळात नोंदवले. अ‍ॅसिटाझोलामाइड आणि कृष्णाकाठ यांची १४ संयुगे ही त्याच निरीक्षणाची वंशावळ आहे.

जुना_कॉलम यांनी रक्ताचा उल्लेख केला म्हणून एक भर घालते. रक्तपेशींतून काढलेल्या विकरात एक अडचण अशी असते की तेथे कार्बोनिक अनहायड्रेज-१ हा भाऊबंद दोन क्रमांकाच्या कित्येक पट असतो, आणि अ‍ॅसिटाझोलामाइड त्याला साधारण २५० नॅनोमोलरला रोखते, दोन क्रमांकाला १२ ला. दोन्ही नीट वेगळे झाले नाहीत तर आलेखाला दोन पायऱ्या पडतात आणि कोणता आकडा कोणाचा हे कळत नाही. माणसात या कुटुंबाचे पंधरा सदस्य आहेत, त्यांपैकी बारा कार्यक्षम. जिवाणूत बनवलेल्या विकराचा खरा फायदा हा की कुपीत त्यांपैकी एकच असतो.

कुपीवर "केवळ संशोधनासाठी" असे लिहिलेले असते त्याविषयी कोणी विचारण्यापूर्वीच सांगते. औषध म्हणून दिली जाणारी पुनःसंयोजित मानवी विकरे वेगळी असतात. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणाऱ्या आल्टेप्लेजला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. ते सस्तन प्राण्याच्या पेशींत बनते, निर्जंतुक असते आणि त्याच्या प्रत्येक खेपेची तपासणी औषधाच्या कसोटीवर होते. प्रयोगशाळेच्या कुपीत जिवाणूंचे एंडोटॉक्सिन किती आहे हे सहसा मोजलेलेही नसते. त्या कुपीचे काम प्लेटमध्ये सुरू होते आणि प्लेटमध्येच संपते.

---

विठ्ठलवाडी_लोकल

मुख्य प्रश्नाचे उत्तर जुना_कॉलम यांनी दिले आहेच. मी फक्त त्या शिल्लक राहणाऱ्या १० टक्क्यांबद्दल लिहितो, कारण ते मी स्वतः भोगले आहे.

५० मायक्रोमोलर अ‍ॅसिटाझोलामाइड असताना कार्बोनिक अनहायड्रेज-२ चे एकही क्रियास्थळ मोकळे राहण्याचे कारण नाही. तरी काही तरी एस्टर तोडत असेल, तर ते या विकराचे काम नव्हे. पॅरा-नायट्रोफिनाइल अ‍ॅसिटेट हे फार भिडस्त संयुग आहे, कोणीही थोडा धक्का दिला की तुटते. दोन नेहमीचे संशयित आहेत. एक म्हणजे बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन. ते विकर म्हणून ओळखले जात नाही, पण त्याचे एक टायरोसिन या एस्टरवर हल्ला करते आणि पिवळा रंग येतो. कित्येक कुप्यांमध्ये वाहक म्हणून ते घातलेले असते, आणि विकराच्या कित्येक पट असते. तुमच्या कुपीत ते नाही, म्हणून हा संशयित सुटला.

दुसरा आहे इमिडॅझोल. हिस्टिडिनची शेपटी असलेले प्रथिन निकेलच्या कॉलमवर अडकवतात आणि इमिडॅझोलने सोडवतात. इमिडॅझोल स्वतःच या एस्टरच्या जलविघटनाचे उत्प्रेरण करते. १९५० च्या दशकापासून भौतिक-सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्गात हे पाठ्य उदाहरण आहे, तुमच्या विषयातलेच. कॉलमनंतर डायलिसिस नीट झाले नसेल तर वीस-तीस मिलिमोलर इमिडॅझोल कुपीत राहून जाते, आणि बफरच्या यादीत त्याचा उल्लेख असेलच असे नाही. आमच्या कुपीत ते होते. आम्ही अडीच महिने "रोधकाला दाद न देणारा दुसरा विकरप्रकार" या कल्पनेवर चर्चा केली, एक पोस्टरही केले. ते पोस्टर अजून कपाटामागे गुंडाळून ठेवलेले आहे.

तुमच्या विकराशिवायच्या वेलमध्ये तुम्ही साधे बफर घालता. त्यात कुपीतले इमिडॅझोल नसते, म्हणून वजाबाकी अपुरी पडते. विकर कमी केले तरी टक्केवारी तीच राहील, कारण विकरासोबत इमिडॅझोलही त्याच प्रमाणात पातळ होते. उपाय सोपा आहे: लहान डीसॉल्टिंग कॉलममधून (जो प्रथिनापासून इमिडॅझोलसारखे लहान रेणू वेगळे करतो) विकर एकदा जाऊ द्या. ते जमेपर्यंत ५० मायक्रोमोलर अ‍ॅसिटाझोलामाइड घातलेली वेल हीच शून्य समजा आणि तीच वजा करा. खरे तर हे कायमच करावे.

५० नॅनोमोलरवर काम करताना विकर प्लास्टिकला चिकटण्याचा धोका असतो. अनेक जण त्यासाठी अल्ब्युमिन घालतात. वर लिहिल्याप्रमाणे या प्रयोगात ते चालणार नाही. ०.०१ टक्का ट्वीन-२० हे सौम्य डिटर्जंट घाला किंवा प्रथिने न धरणारी प्लेट वापरा.

---

बर्फाचा_डबा

माझा अंदाज मागे घेतो. क्रियाशील विकर घटले की घट्ट बसणाऱ्या रोधकाचे आयसी-५० खाली येते हे माझ्या लक्षात आले नव्हते. तरीही एक शंका आहे. टायट्रेशनमध्ये क्रियाशील विकर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी आले, तर ते जस्त नसल्यामुळे आहे की विकर बिघडल्यामुळे, हे कसे ओळखायचे? आणि शुद्धीकरणाच्या बफरमध्ये ईडीटीए (धातू पकडणारे संयुग) असेल तर जस्त निघून जाणार नाही का?

---

जुना_कॉलम

ईडीटीएची भीती या विकराबाबत बरीचशी अनाठायी आहे. जस्त येथे पिकोमोलर ताकदीने धरलेले असते आणि ते सुटण्याचा वेग अतिशय मंद असतो, त्यामुळे थोड्या वेळाच्या संपर्काने ईडीटीए त्याला ओढू शकत नाही. ज्यांना मुद्दाम जस्त काढायचे असते ते डायपिकोलिनिक आम्ल वापरतात, कारण ते क्रियास्थळापर्यंत आत जाऊन जस्ताला बाहेर काढते.

जस्ताची चाचणी करायची तर विकराइतक्याच मोलर संहतीचे झिंक सल्फेट घालून तासभर ठेवा आणि टायट्रेशन पुन्हा करा. क्रियाशील विकर वाढले तर रिकामे रेणू होते. जस्त फार जास्त घालू नका. शेपटीतले हिस्टिडिनही जस्त पकडतात आणि प्रथिन एकमेकांना चिकटून गढूळ होऊ लागते. आधी मात्र संहतीच नीट मोजा. ब्रॅडफर्ड पद्धतीत रंग प्रथिनागणिक कमीजास्त चढतो आणि तुलनेसाठी अल्ब्युमिन घेतलेले असते, म्हणून पंधरा-वीस टक्क्यांची चूक तेथे सहज होते. या विकरात सात ट्रिप्टोफॅन आहेत, २८० नॅनोमीटरवर ते भरपूर शोषण करते. मोलर शोषणगुणांक ५४,००० घ्या. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणाचे शोषण १.८६ यायला हवे.

---

कृष्णाकाठ

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये विद्यापीठाच्या परीक्षांची देखरेख होती. सर्वांनी सुचवलेले प्रयोग केले, आकडे देते.

डीसॉल्टिंग कॉलम शेजारच्या विभागाकडून उसना मिळाला. विकर त्यातून काढल्यावर शिल्लक राहणारी १० टक्के क्रिया जवळजवळ नाहीशी झाली. आता ५० मायक्रोमोलर अ‍ॅसिटाझोलामाइडची वेल आणि विकराशिवायची वेल यांत मोजण्याजोगा फरक नाही. विठ्ठलवाडी_लोकल यांचे निदान अचूक होते, पोस्टरची किंमत मोजून मिळवलेले असले तरी.

पहिल्या मिनिटाचा वेग घेऊन १ मायक्रोमोलरवर अ‍ॅसिटाझोलामाइडचे आयसी-५० ४०० नॅनोमोलर आले. टायट्रेशनची सरळ रेषा आडव्या अक्षाला ०.७८ मायक्रोमोलरवर भेटली. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात: ०.७८ चा अर्धा ३९०, अधिक १२ म्हणजे ४०२. हे जुळल्यावर मी वहीत पानाच्या कडेला बरोबरची मोठी खूण केली, परीक्षक करतात तशी.

झिंक सल्फेट घालून काही वाढ झाली नाही. २८० नॅनोमीटरवर मूळ कुपीतल्या द्रावणाचे शोषण १.६२ आले, म्हणजे संहती १ नव्हे तर ०.८७ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. मी ज्याला १ मायक्रोमोलर म्हणत होते ते प्रत्यक्षात ०.८७ होते आणि त्यातले ०.७८ क्रियाशील, म्हणजे विकर सुमारे ९० टक्के जिवंत आहे. त्यात खराब म्हणावे असे काही नाही. डीसॉल्टिंगनंतर द्रावण पातळ झाले होते, ते गुणून घेतले आहे.

५० नॅनोमोलरवर (क्रियाशील ३९) ट्वीन घालून अ‍ॅसिटाझोलामाइडचे आयसी-५० ३२ नॅनोमोलर मिळाले.

आता एक शंका उरते. अकरा संयुगांची नवी आयसी-५० मूल्ये २५ ते ५५ नॅनोमोलर या पट्ट्यात आहेत. आधीपेक्षा ती वेगळी दिसतात, पण विकराची निम्मी संहती १९.५ असल्यामुळे खालच्या टोकाची संयुगे अजूनही तळाला टेकलेली आहेत. प्रत्येकातून १९.५ वजा करून स्थिरांक लिहिला तर चालेल का? विकर आणखी कमी करावे का?

---

जुना_कॉलम

विकर १० नॅनोमोलरपर्यंत खाली नेल्यास एस्टरचे आपोआप होणारे विघटन विकराच्या क्रियेशी बरोबरी करू लागेल आणि उतारांतला गोंगाट वाढेल. या पद्धतीची मर्यादा तेथेच आहे. त्याखाली जायचे असेल तर कार्बन डायऑक्साइडची मूळ क्रिया स्टॉप्ड-फ्लो यंत्रावर (जे द्रावणे क्षणार्धात मिसळून लगेच मोजमाप घेते) मोजावी लागते, जी खलिफाह यांनी १९७१ मध्ये वापरली आणि जिच्यावर साहित्यातले बहुतेक आकडे आधारलेले आहेत. ते यंत्र आपल्याकडे मोजक्या ठिकाणी आहे.

वजाबाकी करू नका. ५५ मधून १९.५ गेले तर फारसे बिघडत नाही, पण २५ मधून १९.५ गेल्यावर जो साडेपाच उरतो त्यात विकराच्या संहतीतली प्रत्येक चूक पूर्ण वजनाने उतरते. ३९ ऐवजी ते ४२ असेल तर तुमचा साडेपाच चार होतो. त्याऐवजी प्रत्येक संयुगाचा संपूर्ण आलेख मॉरिसन यांच्या १९६९ च्या वर्गसमीकरणात बसवा. त्यात मोकळा रोधक आणि बांधलेला रोधक वेगळे मोजलेले असतात, आणि विकराची संहती तुमच्या टायट्रेशनमधून स्थिर ठेवता येते. आलेख बसवण्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते समीकरण तयार मिळते. तळाच्या भागातले बिंदू वाढवा, १० ते ६० नॅनोमोलरच्या मध्ये निदान सहा. आणि प्रबंधात स्थिरांकाशेजारी विकराची क्रियाशील संहती व ती कशी मोजली हे लिहा. असे न लिहिलेले आयसी-५० वाचले की मी ते पान उलटतो.

---

कृष्णाकाठ

मॉरिसनने बसवले. अकरा संयुगांचे स्थिरांक ६ ते ३५ नॅनोमोलर या दरम्यान आले, फ्लोरिन असलेली तिन्ही खालच्या टोकाला आणि दोन्ही मेथॉक्सी वरच्या टोकाला. अ‍ॅसिटाझोलामाइड १२.४. मार्गदर्शकांना टायट्रेशनचा आलेख दाखवला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले की कुपीत अजून किती उरले आहे. थोडे आहे, वीस-वीस मायक्रोलिटरच्या भागांत, उणे ८० अंशांना.